लाखोळीला रकाना नाही

अन्न सुरक्षित की असुरक्षित हे माझ्या टेबलावर ठरतं, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. नागपुरातल्या ज्या सरकारी कार्यालयातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना नोंदण्या आणि परवाने मिळतात, तिथं मी वरिष्ठ लिपिक आहे. ठरवणारे दिल्लीत बसतात, सही करणारे साहेब आतल्या केबिनमध्ये बसतात आणि मी बाहेर बसून दोघांच्या मधला कागद चालवते. पण महाल भागातल्या आमच्या गल्लीत कुणाकडं लग्न निघालं की तेलाचा डबा कोणता आणावा हे मलाच विचारायला येतात. मीही गंभीर चेहरा करते, डब्यावरचा नंबर वाचते आणि मान हलवते. तेलातलं मला त्यांच्याइतकंच कळतं, पण मान हलवण्याचा सराव दांडगा आहे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की शिकले. पदार्थ सुरक्षित व्हायचा असेल तर आधी त्याचं नाव यादीत असावं लागतं. नाव असलं की वर्ग मिळतो, वर्ग मिळाला की क्रमांक, क्रमांक मिळाला की किलोमागे किती घालायचं त्याची मर्यादा. एवढं झालं की काम संपलं. तो पदार्थ पोटात गेल्यावर पुढे काय होतं, ही बाब दुसऱ्या खात्याची.

एकदा एका कारखानदाराचा संत्र्याच्या सरबताचा अर्ज आला होता. घटकांमध्ये साखर, पाणी, आंबटपणा आणणारा एक पदार्थ, टिकवणारा एक, रंग दोन आणि शेवटी संत्र्यासारखा वास. संत्रं सोडून सगळं होतं, आणि तेही नागपुरात! पण प्रत्येक घटकापुढं क्रमांक कसा अगदी शिस्तीत मांडलेला. फाइल इतकी देखणी की साहेबांनी ती इतरांना नमुना म्हणून दाखवली. त्याच सुमारास नरखेडकडचा एक बागाईतदार संत्र्याच्या सालीची भुकटी घेऊन आला. सावलीत साल वाळवायची आणि कुटायची, बस, दुसरं काही नाही. मी विचारलं, “याचा नंबर काय?” तो म्हणाला, “झाडाले नंबर टाकू का जी मॅडम?” सरबतवाल्याला परवाना लगेच मिळाला. बागाईतदार अजून खुलासे पाठवतो आहे.

अशा ठिकाणी माणूस निगरगट्ट होतो. मी झाले. कागद कुठं अडतो, कुठं सरकतो, कोणता शब्द लिहिला की साहेबांच्या कपाळाला आठी पडते आणि कोणता लिहिला की ते न वाचता सही करतात, हे मला तोंडपाठ होतं. त्याची घमेंडही होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवत असे.

माझी थोरली बहीण कुहीकडच्या एका खेड्यात राहायची. आम्ही दोघीच. ती ताई, मी धाकटी. ताईची शाळा सातवीत सुटली, लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा शिकून पुण्याला गेला आणि मग भाऊजी वारले. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, आई, तू इकडं ये. आठव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, दाराला कॅमेरा, खाली बाग. मुलगा वाईट नाही, उलट फारच चांगला आहे, आणि हीच अडचण होती. वाईट मुलाला नाही म्हणता येतं. ताईला गाव सोडायचं नव्हतं. तिचं घर, परसातली विहीर, शेजारच्या चार बायका, यातून उठून तिला कुणाच्या बाल्कनीत बसायचं नव्हतं. मुलगा म्हणायचा, “तिथं एकटी काय करतेस?” या प्रश्नाला दाखवता येईल असं काहीतरी उत्तर तिला हवं होतं. ते उत्तर म्हणजे वड्या.

लाखोळीच्या वड्या. लाखोळी ही आमच्या धानाच्या पट्ट्यातली डाळ. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बी फेकून द्यायचं. नांगरणी नको, पाणी नको, खत नको. धान निघालं की मागं लाखोळी हिरवीगार उभी. कोवळी असताना पाल्याची भाजी, पुढं दाणे, मग डाळ. पुण्यामुंबईच्या माणसानं तिचं नाव ऐकलेलं नसतं, आणि ऐकलं असेल तर भेसळीच्या बातमीत. कारण ही डाळ दळली की हरभऱ्याच्या बेसनात अशी मिसळून जाते की सुगरणीलाही पत्ता लागत नाही. तसल्या व्यापाऱ्यांच्या फाइली माझ्या कपाटात आहेत. लाखोळी स्वतःच्या नावानं कधी कार्यालयात येत नाही, ती दुसऱ्याच्या नावाखाली पकडली जाते. तिच्या विक्रीवर सरकारी बंदी आहे, तिचंही तसंच. कधी कडक, कधी ढिली, इथं एक नियम, पलीकडच्या राज्यात दुसरा, मध्येच ती उठवण्याची चर्चा. आमच्या कार्यालयात मात्र सोपा नियम. लाखोळीचं नाव निघालं की फाइल बाजूला ठेवायची आणि चहा मागवायचा.

बंदी घालणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. म्हणायचा हक्क आमच्या घराण्याला नाही. लहानपणी आमच्या वडलांकडं एक सालदार होता, वर्षभराच्या करारानं राहिलेला गडी. त्याला सालाचं धान्य म्हणून लाखोळी मिळायची, कारण तांदूळ विकला जायचा आणि लाखोळी फुकट उगवायची. दोन वर्षं पिकानं दगा दिला. त्या दोन वर्षांत त्याच्या चुलीवर दोन्ही वेळा तेवढंच शिजलं. मग त्याचे गुडघे आखडले, टाचा जमिनीला टेकेनात, चवड्यांवर चालायला लागला. मग एक काठी, मग दोन. आमच्याकडं सगळे म्हणायचे, त्याच्या पायात वारं शिरलं. वारं कुणाच्या कोठीतून आलं हे कुणी बोललं नाही. आम्हीही तीच डाळ खात होतो, पण भातासोबत, भाजीसोबत, आठवड्यातून एकदा. आमचे पाय शाबूत राहिले.

आईनं मात्र त्या वर्षापासून लाखोळी शिजवायची रीत बदलली. डाळीवर उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, ते पाणी फेकायचं. पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा फेकायचं. तिसऱ्यांदाही तेच. हे पाणी गुरांना पाजायचं नाही, परसात एका कोपऱ्यात खड्ड्यात ओतायचं. आईला हे कुणी शिकवलं माहीत नाही, डॉक्टरनं तर नक्कीच नाही. पुढं मी कार्यालयात वाचलं की या डाळीतला पायांना बाधणारा अंश पाण्यात उतरतो आणि अशा भिजवण्यानं बराच कमी होतो. मोठ्या माणसांनी इंग्रजीत लिहिलेलं होतं, म्हणून मला पटलं. ताईला आधीच पटलेलं होतं. तीन पाणी फेकल्याशिवाय ती डाळीला पाट्यावर घेत नसे. मग जाडसर वाटून त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं आणि सांबार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर. गच्चीवर धोतर पसरून वड्या घालायच्या आणि कावळ्यांना शिव्या देत बसायचं.

या वड्यांचा सर्वांत मोठा भक्त म्हणजे आमचे साहेब. दर हिवाळ्यात मी एक डबा कार्यालयात नेत असे. वांग्यात घातलेल्या वड्यांची भाजी साहेब बोटं चाटून खायचे. जानेवारी लागला की केबिनमधून विचारणा व्हायची, “मॅडम, बहिणीकडून काही आलं नाही वाटतं यंदा?” आलं की एक पिशवी त्यांच्या गाडीत जायची. कोणत्या डाळीच्या, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सरबतातल्या रंगाचा क्रमांक खालून वर तपासणारा माणूस, पण वड्यांच्या बाबतीत त्याची श्रद्धा अढळ होती.

मागच्या पावसाळ्यानंतर ताई धंतोलीत डोळे दाखवायला आली. गावाकडचं कुणीही धंतोलीच्या डॉक्टरकडं आलं की मुक्काम माझ्याकडंच. डॉक्टरनं मोतीबिंदूला अजून वेळ आहे म्हणून परत पाठवलं, तर ताई खुशीत जेवायला बसली आणि म्हणाली, “मले तुह्या हापिसातला तो कागद काहाडून दे वं. नंबरवाला. नागपूरच्या प्रदर्शनात दुकान लावाचं आहे. बचत गटवाल्या म्हणे, नंबर असन तरच जागा भेटते.” मग थांबून म्हणाली, “अन् पोराले दाखवतो तो कागद. म्हणाव, हे पाह्य, तुही माय धंदेवाली हाये, तिले सवड नाही पुण्याले याले.”

इतक्या वर्षांत मी कितीतरी कारखानदारांना मार्गी लावलं, माझ्या बहिणीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी ताट बाजूला सारलं आणि तिथंच मोबाइलवर अर्ज उघडला. नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्र. फोनवर आलेला आकडा ताईनं एकेक अंक लावत वाचून दाखवला. मग पदार्थाचा वर्ग आला, मग कशापासून बनवता ते आलं. डाळींची लांबलचक यादी उघडली. सगळी इंग्रजीत. मी वरपासून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं.

“लिव लाखोळी,” ताई म्हणाली.

“ताई, ते नाही लिहिता येत.”

“काहून?”

“यादीत नाही. अन् वेगळं लिहिलं तर अर्ज तिथंच बसते.”

“मंग पाणी फेकतो म्हणून लिव ना. तीनदा फेकतो म्हणाव, उकयतं.”

“त्याले रकाना नाही.”

“एवढा मोठा फारम, अन् पाणी फेकाले जागा नाही?” ती खरंच चकित झाली होती. “आजा कोण, पंजा कोण, फोटो, आधार, सारं इचारून राहिले. अन् डाळ कशी भिजवता हे नाही इचारत?”

पण माझ्याकडं युक्ती होती. मी यादीतल्या हरभऱ्याच्या डाळीवर बोट ठेवलं.

“अवं, हरभऱ्याच्या कुठं हायेत त्या?”

“कागदावर हायेत.”

“कागद कोण खाते?”

“कागदच खातेत ताई, आमच्याकडं,” मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. मी जास्त हसले. ती थोडी हसली आणि मग म्हणाली, “मले नाही पटत वं. खोटं काहून लिवाचं, आपण काय चोर हाओत?” मी तिला समजावलं की कायद्याच्या कामात खरं-खोटं नसतं, बरोबर-चूक असतं, आणि यादीत आहे ते बरोबर. हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी अर्ज पाठवून दिला.

बेसनात लाखोळी मिसळून हरभरा म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नोटिसा मी स्वतःच्या हातानं टाइप केल्या आहेत. त्यांनी पोत्यात केलं ते मी कागदावर केलं. हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण कुंपणाला वाटतं आपण शेताचं भलं करतो आहोत.

नोंदणी पटकन मिळाली. वड्या हरभऱ्याच्या असल्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. महालातल्या छापखान्यात मी लेबलं छापून घेतली. हिरवा ठिपका, ताईचं नाव, नोंदणीचा क्रमांक आणि ठळक अक्षरात हरभरा डाळीच्या वड्या. ताईनं तो नोंदणीचा कागद भाऊजींच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला आणि त्याचा फोटो मुलाला पाठवला. मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. तो म्हणाला, “आई, ग्रेट. मग आता यंदा तरी येत नाहीस म्हणजे.” ताई फोन ठेवून बराच वेळ ओसरीवर बसली होती. तोंडभर हसत होती. तिला इतकं खूश मी भाऊजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. मी ताईला नीट पढवलं. कुणी विचारलं तर हरभऱ्याच्या सांगायच्या, जास्त बोलायचं नाही, लेबल दाखवायचं. पहिल्या दिवशी तिनं माझं ऐकलं. तोंडाला कुलूप लावून बसली. लोक पाकीट उचलायचे, वाचायचे आणि ठेवून द्यायचे. हरभऱ्याच्या वड्या, त्याही नागपुरात, कोण कशाला घेईल? संध्याकाळपर्यंत दोन पाकिटं खपली, त्यातलं एक शेजारच्या लोणचेवालीनं दया म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दुपारी गेले तर स्टॉलपुढं ही गर्दी. भंडारा-गोंदियाकडून नोकरीसाठी नागपुरात येऊन राहिलेल्या बायका चार-चार पाकिटं घेत होत्या. कुणी म्हणत होतं, माझी माय अशाच करायची. मध्ये ताई उभी, पदर खोचलेला, आणि गळा ताणून ओरडत होती, “या जी, लाखोळीच्या वड्या! लाखोळीच्या! तीन पाण्याच्या!”

मी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले आणि दंड धरला. “ताई, काय करून राहिली तू?”

“हरभऱ्याच्या म्हटलं तं कोणी हात नाही लावत वं,” ती माझ्या कानात म्हणाली. “काल दिवसभर तुह्यं ऐकलं. पाह्यलं ना काय झालं ते?”

खरं सांगायचं तर मलाही त्या गर्दीचा मोह पडला. मी तिच्याशेजारी उभी राहून पाकिटं पिशव्यांत भरायला लागले. लेबल कुणी वाचत नव्हतं. सगळ्या जणी कानांनी खरेदी करत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी कार्यालयात होते तेव्हा आमच्याच खात्याचा तपासणी अधिकारी प्रदर्शनात गेला. पोरगेलासा, साताऱ्याकडून नुकताच बदलून आलेला, लाखोळी हा शब्दच त्याला नवा. त्यानं सहज विचारलं, आजी, लाखोळी म्हणजे काय हो? ताईला असा मन लावून ऐकणारा माणूस तीन दिवसांत भेटला नव्हता. तिनं त्याला खुर्ची दिली. बी कसं फेकतात, पाला कसा खुडतात, पाणी तीनदा का फेकायचं, सालदाराचे पाय कसे गेले, सगळं सांगितलं. घरून आणलेली भाजी खाऊ घातली. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. मग हात धुतले, पाकिटावरचं लेबल वाचलं, नियमाप्रमाणं चार पाकिटं घेतली, सील केली आणि तिची सही घेतली. ताईला वाटलं, साहेबाला आवडल्या म्हणून चार नेल्या. तिनं मला फोन करून आनंदानं सांगितलं. मला कळलं, ते प्रयोगशाळेत जायचे नमुने होते.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तो माझ्याच टेबलावर. लेबलप्रमाणे घटक हरभरा डाळ, प्रत्यक्षात आढळलेला घटक लाखोळी. डाळीतला तो बाधक अंश किती उरला होता हे अहवालात नव्हतं, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं एवढंच की ही कोणती डाळ आहे, आणि ते तर ताईनं स्टॉलवर ओरडून सांगितलं होतं. तिच्या नावाची नोटीस मी टाइप केली. विक्री बंद, उरलेला माल जप्त, सुनावणीला हजर राहावे. घरच्या माणसाला एवढं कोरडं पत्र लिहायची वेळ आली आणि एकही शब्द अडला नाही.

उरलेल्या वड्या फिनाइल ओतून नष्ट केल्या. साहेबांच्या स्वयंपाकघरातला डबा जप्तीतून सुटला, कारण तो विक्रीसाठी नव्हता. साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, “मॅडम, आम्हाला आपलं वाटायचं उडदाच्या आहेत.” मी म्हटलं, “हो सर.” ते म्हणाले, “अर्ज कुणी भरून दिला, हा मुद्दा सुनावणीत येईल. खात्यातल्या कुणी भरला असेल तर मात्र मला वर कळवावं लागेल.” एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. खात्याच्या चौकशीत अडकले तर ती दोन वर्षं आणि पुढचं पेन्शन, दोन्ही टांगणीला लागणार होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ताई माझ्याकडं आली. मी ठरवलं होतं की तिला सांगायचं, उद्या मी उभी राहते आणि खरं काय ते सांगते. वाक्य पाठ केलं होतं. जेवताना तिनं विचारलं, “तुही पेन्शन कधीची आहे वं?” मी म्हटलं, दोन वर्षं. ती “बरं” म्हणाली आणि माझ्या पानात भात वाढला. पाठ केलेलं वाक्य मी भाताबरोबर गिळलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि तिनं काढला नाही म्हणून मीही काढला नाही. याला मी समजूतदारपणा असं नाव दिलं आणि शांत झोपले.

सकाळी आम्ही वेगवेगळ्या निघालो. ही तिची सूचना. मी दुचाकीवर, ती ऑटोत. अकराला तिचा पुकारा झाला. मी साहेबांच्या उजव्या हाताला संगणकापुढं बसले होते, जबाब टाइप करायला. ती आत आली, साहेबांना नमस्कार केला, मग माझ्याकडं वळून म्हणाली, “नमस्कार मॅडम.” मी जन्मल्यापासून मला उचलून फिरवणारी ही बाई. मी मान हलवली. दांडगा सराव.

साहेबांनी विचारलं, “वड्या कोणत्या डाळीच्या होत्या?”

“लाखोळीच्या.”

“मग लेबलवर आणि अर्जात हरभरा का लिहिलं?”

“लोकाईनं घ्यावं म्हणून.”

साहेब थोडे घुटमळले. “अर्ज तर इंग्रजीत आहे. तुमचं शिक्षण सातवी. कुणी भरून दिला?”

माझी बोटं कळांवर थांबली होती. उठायला एवढाच वेळ होता. साहेब माझ्याकडं बघत नव्हते, मुद्दाम.

“मीच भरला,” ताई म्हणाली.

“कुणाची मदत?”

“कोणाचीच नाही जी. मोबाइलवर बोट लावत गेलो, अन् गेला. मले काही समजत नाही, पण भरला मीच. चूक माही हाये. लाखोळी लिवाले पाहिजे होतं, मले मालूम होतं, पण मी नाही लिवलं.”

साहेबांनी मला सांगितलं, “लिहा. अर्ज मी स्वतः भरला असून त्याकामी कोणाचीही मदत घेतलेली नाही.” मी लिहिलं. जाणूनबुजून चुकीचा घटक नमूद केला, हेही लिहिलं. कागद छापून तिच्यापुढं ठेवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. तिनं माझ्याकडं न बघता सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. त्या खोलीत आम्ही तिघं होतो. वड्या तिघांनीही खाल्ल्या होत्या, डाळ कोणती ते तिघांनाही ठाऊक होतं. खरं लिहा म्हणणारी एकटी तीच होती आणि खोटं लिहिल्याबद्दल सही करणारीही तीच.

तिची नोंदणी रद्द झाली. मुलाला कुठूनतरी कळलं, बहुधा तिनंच सांगितलं असेल, तिला लपवता येत नाही. तो गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडं आहे. मी अजून गेलेले नाही.

ती आठव्या मजल्यावर असते. दर रविवारी फोन करते. लिफ्टमध्ये जीव घाबरतो म्हणते, खालच्या बागेतल्या बायका बोलत नाहीत म्हणते, सून चांगली आहे म्हणते. आणि ठेवायच्या आधी न चुकता आवाज बारीक करून विचारते, “तुह्या नोकरीले तं काही नाही झालं ना वं?”

“नाही ताई,” मी म्हणते. खरंच काही झालेलं नाही.